टाकीचं पथ्यपाणी

माणूस काय खातो याची चौकशी सहसा कोणी करत नाही. तो काय सांडतो, कुठं सांडतो आणि कोणाच्या दारात सांडतो, याची मात्र वरपर्यंत चौकशी होते. कारखान्यांचंही तसंच आहे. म्हणून ज्या सॉसच्या कारखान्याची ही हकिकत आहे, त्यानं सॉसपेक्षा सांडपाण्याकडे जास्त लक्ष दिलं, यात वावगं काही नाही.

पूर्वी तिथलं सांडपाणी मागच्या ओढ्यात जाई. (ओढ्याची तक्रार नव्हती. तक्रार ओढ्याशेजारी राहणाऱ्यांची होती.) कढया धुतलेलं पाणी, टोमॅटोची सालं, सांडलेली साखर, सगळं एकत्र आंबून असा वास सुटे की आलेले पाहुणे जेवायला थांबत नसत. त्यात कित्येक घरांची बचत होत होती, पण ती बाजू कोणी मांडली नाही. शेवटी सरकारी साहेब आले. त्यांनी नाकाला रुमाल लावून ओढ्याकडे जाणारा पाइप सिमेंटनं बुजवून घेतला आणि सिमेंट ओलं असतानाच त्यावर काडीनं सही केली. मग कारखान्यानं टाकी आणली.

टाकी चांगली तीन मजले उंच आणि सगळीकडून बंद. आत अब्जावधी जंतू राहतात. त्यांना हवा लागत नाही. उलट हवा लागली तर ते मरतात. ते दिवसभर सांडपाण्यातली घाण खातात आणि गॅस सोडतात. (इथवर त्यांच्यात आणि आपल्यात फारसा फरक नाही.) त्यांचा गॅस मात्र पाइपातून बॉयलरकडे जातो आणि त्यावर पुन्हा सॉस शिजतो. टाकीच्या पोटात पांढऱ्या पोकळ दोऱ्यांचे झुबके लावले आहेत. त्यांना पडदा म्हणतात. पडद्याची भोकं इतकी बारीक, की पाणी तेवढं दोऱ्यांत शिरून बाहेर येतं आणि जंतू आतच राहतात. म्हणजे कामगार कायमचा आत, काम तेवढं बाहेर. मालकांना ही रचना फार आवडली. बाकीच्या कारखान्यात ती का बसवता येत नाही, असं त्यांनी विचारलंही होतं.

टाकीचं एकच नाजूक होतं, पोट. तिच्या शेजारी फळा लावला होता:

टाकीस वेळच्या वेळी खाऊ घालावे.
एकदम जास्त देऊ नये. एकदम कमीही देऊ नये.
तेलकट, खारट वर्ज्य.
आंबट झाल्यास सोडा द्यावा.
अंगाला गार लागू देऊ नये.
टाकीसमोर मोठ्याने बोलू नये.

(शेवटचा नियम कोणी लिहिला ते कळलं नाही, पण पाळत सगळे होते.)

कामगार टाकीला जावईबापू म्हणत. मागच्या अंगाला बसून असतात, सगळं ऊन-ऊन लागतं, जरा कमी-जास्त झालं की फुगून बसतात आणि अख्खं घर त्यांच्या तोंडाकडे बघत राहतं, हे त्यामागचं कारण. रविवारी कारखाना बंद असला तरी जावईबापू उपाशी राहू नयेत म्हणून साखरेचं कोमट पाणी पाजलं जाई. ती साखर कँटीनच्या चहातून वाचवलेली असे. त्यावर कोणी हूं की चूं केलं नाही, कारण हिशोब सरळ होता. कामगार आजारी पडला तर दुसरा फाटकावर उभा असतो. टाकी आजारी पडली तर जंतूंची नवी बिऱ्हाडं वसायला महिनोन् महिने जातात.

जावईबापूंची सरबराई ज्यांच्याकडे होती, त्यांना सगळे टाकीमास्तर म्हणत. मास्तर वर्षानुवर्षं हंगामी होते. (हंगाम कुठला, हे कारखान्यानं कधी सांगितलं नाही.) यंदा मॅनेजरसाहेबांनी त्यांना बोलावून स्वच्छ सांगितलं, "मास्तर, तपासणी येतेय. टाकी ठणठणीत दिसली तर तुम्ही कायम. टाकी गेली तर तुम्हीही गेलात."

तेव्हापासून मास्तरांचा जीव टाकीत अडकला. जेवता जेवता ते उठत आणि टाकीला हात लावून येत. बायको ऐकवायची संधी सोडत नसे.

"मला ताप आला होता तेव्हा म्हणालात, पडून राहा जरा. त्या टाकीचा पारा अर्धी डिग्री उतरला तर घरातली पांघरुणं घेऊन पळालात!"

"अगं, तू कायम आहेस," मास्तर शांतपणे म्हणत. "मी अजून हंगामी आहे."

तपासणी चार दिवसांवर आली आणि घोळ झाला.

त्या कारखान्यात एक चांगली पद्धत होती. आधीच्या पाळीनं काय केलं यावर पुढची पाळी विश्वास ठेवत नसे. प्रत्येक पाळी आपलं कर्तव्य पहिल्यापासून करी. मोठ्या कढईवर मास्तरांचा मेहुणा होता, बायकोचा धाकटा भाऊ, मास्तरांनीच चिकटवलेला. आधीच्या पाळीनं कढईत मीठ आणि सॉस टिकवायची पावडर घातली आणि ती घरी गेली. मेहुणा आला. तो कर्तव्याला चुकणारा नव्हता. त्यानंही दोन्ही घातलं.

लॅबवाल्या बाईंनी चमच्याच्या टोकावर घेऊन चव पाहिली. त्यानंतर त्या पाळी संपेपर्यंत पाणीच पीत होत्या.

मेहुणा टाकीपाशी आला तो पाय ओढत.

"दाजी, ताईला सांगू नका."

"काय केलंस?"

"मीठ दुसऱ्यांदा पडलं."

"बरं."

"पावडरही पडली."

"टिकेल का माल?"

"टिकेल, दाजी. आपण दोघं नसू तेव्हाही टिकेल." मग घसा साफ करून तो म्हणाला, "सोडू का तुमच्याकडे? नाहीतरी वाया गेलेला माल तुमच्याकडेच येतो."

मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. त्या पावडरीचं काम एकच, जंतूंना जगू न देणं. आणि टाकीत जंतूंशिवाय होतं काय? एक कढई सोडायचा अवकाश, जावईबापू तपासणीच्या आतच आटोपले असते. सोडायची नाही म्हणावं, तर ओढ्याच्या पाइपावर सरकारी सही वाळलेली. कढईत ठेवावी, तर दुसरी एवढी कढई नाही, सॉस बंद. सॉस बंद म्हणजे टाकी उपाशी.

घरी बातमी मास्तरांच्या आधी पोचली होती. बायकोनं ताट वाढलं, पण आपटून.

"माझा एकुलता एक भाऊ. त्याला काढतील हो."

"आणि टाकीत सोडलं तर मला काढतील."

"आमच्या घरचे जावई तुम्ही. ती टाकी नव्हे."

"हे साहेबांना सांग," मास्तर म्हणाले, "ते कारखान्याचं गोत वेगळं धरतात."

दुसऱ्या दिवशी मॅनेजरसाहेबांनी बैठक घेतली. टाकीबरोबर आलेले सल्लागार मुद्दाम बोलावले होते. त्यांनी गंभीरपणे तीन मार्ग मांडले. पहिला, माल टाकीला रोज चमचाभर द्यावा. अशानं मेहुणा निवृत्त होईपर्यंत पुरला असता. दुसरा, पाणी घालून पातळ करून द्यावा. तेवढं पाणी गावात नव्हतं. तिसरा, तो दुसऱ्या कारखान्याच्या टाकीला पाठवावा. फोन केला. त्या टाकीलाही पथ्य होतं.

"थोडक्यात, या मालाला कुठलाही शहाणा जंतू तोंड लावणार नाही," सल्लागार म्हणाले.

"मग माणसांनी लावावं का?" लॅबवाल्या बाईंनी विचारलं.

"माणसांच्या पोटाचं कंत्राट माझ्याकडे नाही," सल्लागारांनी खुलासा केला.

मेहुणा दाराशी हात बांधून उभा होता. मास्तरांना एका डोळ्यासमोर बायको दिसत होती आणि दुसऱ्या डोळ्यासमोर टाकी. ते उठले. बैठकीत ते आजवर कधी बोलले नव्हते.

"साहेब, टाकीचा विचार करा. ती बिचारी एका जागी आहे. पुढ्यात आलं ते तिला घ्यावंच लागतं. नको म्हणता येत नाही, वरून पाणी पिता येत नाही, दवाखान्यात जाता येत नाही. माणसाला हे सगळं करता येतं. शिवाय टाकी मेली तर कारखाना थांबतो. माणसाचं... माणसं पुष्कळ आहेत."

साहेबांनी टेबलावर थाप मारली. एवढा साधा विचार शिकलेल्यांना का सुचत नाही, असं त्यांनी सल्लागारांकडे बघून विचारलं.

"पण प्रमाण मर्यादेत बसत नाही," बाई म्हणाल्या.

"बाटलीत बसत नसेल. पाकीट करू, बोटाएवढं. एवढ्याशानं कोणाला काय होतंय?"

"विकत कोण घेईल?"

"विकायचं कशाला? फुकट वाटू. विकत घेतलेल्या वस्तूची माणूस तक्रार करतो, फुकटची जपून ठेवतो."

ठराव एकमतानं झाला. (बाई त्या वेळी पाणी प्यायला गेल्या होत्या.) कढई रिकामी झाली, पाकिटं भरली गेली, वर छापलं: 'नवी चव, जास्त जोमदार!'

तपासणीचे साहेब आले. त्यांनी टाकीच्या पाण्याचा ग्लास उजेडात धरून पाहिला, टाकीच्या पोटावर कौतुकानं थाप मारली आणि असं निरोगी पोट अलीकडे बघायला मिळत नाही, असा शेरा दिला. त्याच संध्याकाळी मास्तर कायम झाले. बायकोनं पहिल्यांदाच टाकीची तब्येत विचारली.

पाकिटांनी तर कमाल केली. लोक आणखी मागू लागले. आता मोठ्या कढईवर नियमच आहे, मीठ व पावडर दोनदा घालावी, आणि ते घालण्यासाठी खास माणूस म्हणून मेहुण्याला बढती आहे. त्या कढईचं धुतलेलं पाणी टाकीला सोसत नाही, म्हणून ती कढई धूत नाहीत. मास्तर स्वतः मात्र त्या पाकिटाला शिवत नाहीत. टाकीचं पथ्य सांभाळता सांभाळता थोडं आपल्यालाही लागतं, असं ते सांगतात.

तुमच्या स्वयंपाकघराच्या खणात, चमच्यांच्या मागं, तशी पाच-सहा पाकिटं असतीलच. बाहेरून काही मागवलं की ती आपोआप येतात आणि कधीतरी लागतील म्हणून तुम्ही ती ठेवून देता. मुदत उलटलेली दिसली तर एक विनंती आहे. कृपा करून मोरीत ओतू नका. त्या पाइपाच्या टोकाला कुठंतरी एखादी टाकी असेल, तिच्यावर कोणाचा तरी संसार असेल. तिला ते सोसणार नाही. तेव्हा आज जेवताना तुम्हीच संपवून टाका.