जलालचाचांचा स्वच्छ हौद

जुन्नरच्या जलालचाचांची हयात घड्याळं दुरुस्त करण्यात गेली होती. धुळीचा कण दिसला तरी त्यांचा जीव कासावीस व्हायचा. अंगणातल्या हौदाचं हिरवं पाणी तर त्यांच्या डोळ्यांत सलायचं. एका रविवारी त्यांनी हौद उपसला, शेवाळ खरवडलं, गोगलगायी फेकल्या आणि बोटाच्या पेराएवढे गप्पी मासे बादलीतून नेऊन पिंपरी पेंढारच्या रखमाजीच्या शेततळ्यात सोडले. नव्या पाण्यात तळाची फरशी लखलखू लागली.

"मासे कशाला घालवले?" बायको आबेदा म्हणाली.

"घाण करत व्हते."

आठवड्याभराने पाण्यात काहीतरी बारीक वळवळताना दिसलं. चाचा गहिवरले. सात वर्षांच्या नातीला हाक मारून म्हणाले, "हुदा, बघ! एखादी मासळी पिल्लं ठेवून गेली." मग आजोबा-नात रोज पाव कुस्करून टाकू लागले. पिल्लं मधूनच गायब व्हायची. चाचांचा संशय शेजारच्या मांजरावर होता.

इकडे गल्लीत डास वाढले. "सगळा गटारीचा प्रताप," चाचा म्हणायचे. आणि हुदाला ताप भरला. डेंग्यू निघाला. तिला आळेफाट्याच्या दवाखान्यात ठेवलं, तेव्हा चाचांचं डोकंच फिरलं. त्यांनी आरोग्य खात्याकडे गटारीची तक्रार लिहिली, गल्लीभर सह्या घेतल्या.

तिसऱ्या दिवशी आरोग्य खात्याची अंजना आली. तिने गटार तपासली आणि तक्रारदाराच्याच दारात उभी राहिली.

"चाचा, ह्यो डास गटारीत न्हाई, स्वच्छ पाण्यात व्हतो. तुमचा हौद बघू."

"खुशाल बघ. पण जपून, पिल्लं हायेत."

अंजना वाकली. तिने ओंजळीत पाणी घेऊन निरखलं. मग हळूच म्हणाली, "चाचा, ही डासांची पिल्लं."

चाचांनी हौदाच्या काठावरचा पावाचा चुरा झटकला. "मी पाव घालत व्हतो त्यांना."

"मासे व्हते तवर ही त्यांच्या पोटात जायची. शेवाळ गोगलगायी खायच्या. एकमेकांवर सगळं नीट चाललं व्हतं. तुमी कशाला मधी पडला?"

तिच्यासमोरच चाचांनी हौद मातीत रिता केला आणि आळेफाटा गाठला. हाताला सलाईन लावलेल्या हुदाने आजोबांना विचारलं, "दादा, पिल्लांना पाव टाकला ना?"

त्यांनी नुसतीच तिची चादर सारखी केली.

तिथून ते थेट रखमाजीकडे गेले. रखमाजीने जाळीने मासे काढून दिले. चाचा ते स्वच्छ पाण्यात विसळायला लागले, तसा तो ओरडला, "धुऊ नका, राव! शेवाळासकट न्या. तेबी लागतं त्यांना."

चार दिवसांनी ताप उतरला, हुदा घरी आली. त्याच दुपारी टपालाने दोन पाकिटं आली, दोन्ही चाचांच्याच नावाची. पहिल्यात हौदाच्या मालकाला कडक समज दिली होती. दुसरं तक्रारदाराला होतं : 'आपल्या तक्रारीवरून संबंधित व्यक्तीस समज देण्यात आली आहे. आपण समाधानी आहात काय?'

आत हुदा बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवत होती. चाचांनी चष्मा पुसला, कागदावर 'होय' लिहिलं आणि खाली सही केली.