दगडूभाईंचे तीन पणजे

दगडूभाई मणेर कुणाला नमस्कार करत नसत. ते समोरच्याचा हात धरत. तुमचा उजवा पंजा आपल्या मुठीत घ्यायचे, अंगठ्याच्या बुडाचं हाड दाबायचे, डोळे मिटायचे आणि बाजारातल्या चार माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगायचे, "तुमची आजी भऱ्याची."

भरे हे जवळचंच एक गाव. आजी तिथली असली तर ठीक. नसली तर डोळे उघडून तुमच्याकडे कीव आल्यासारखं बघायचे. "मग आजीनं काय तरी लपवलंय," म्हणायचे आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळायचे.

धंदा मणेरांचा, म्हणजे बांगड्यांचा. पौडच्या आठवडी बाजारात पोत्यावर मांडलेलं दुकान, आणि एरवी खांद्यावर बांगड्यांच्या माळा टाकून मुळशीच्या धरणाकाठची गावं पायी हिंडणं. काचेची बांगडी चढवायची तर हात चोळून, दाबून, हाडं जवळ आणावी लागतात. सारा जन्म हेच केल्यामुळे त्यांच्या डोक्यात एक शास्त्र तयार झालं होतं. नाव बापाकडून येतं, त्याचा काही भरवसा नाही. अंगठ्याचं हाड मात्र आईकडून येतं. माण गावच्या बायकांचा पंजा रुंद, भऱ्याच्यांचा लांबट, आणि घाट चढून कोकणातून आलेल्यांचा अंगठा "जरा मागं सरून बसल्याला".

वऱ्हाडाकडचे एक साहेब तालुक्याला बदलून आले होते. दगडूभाईंनी भर बाजारात त्यांचा हात धरला.

"साहेब, पणजी मावळातली हाय तुमची."

"आमच्या घराण्यात वऱ्हाडाबाहेरची मुलगी कधी आलेली नाही," साहेब हात सोडवून घेत म्हणाले.

"आली नसंल. पर हात आलाय."

पुढं साहेबांची आई मुलाकडे राहायला आली आणि तिनं सांगितलं, की तिची आजी खरोखरच इकडचीच कुठली तरी होती. दगडूभाईंचं एवढं एक बरोबर निघालं. त्या एकावर त्यांनी उरलेली सगळी वर्षं काढली.

चुकलेल्यांचा हिशेब कोण ठेवणार? पाटलांच्या म्हातारीला एकदा बांगड्या भरताना ते म्हणाले, "वैनी, तुमचा आन् तुमच्या भांडीवालीचा हात एकाच घरातला बगा." वाड्यासमोर पाय ठेवायची बंदी झाली. नागपंचमी जवळ आली तशी बंदी उठली, कारण बांगड्या तर भरायला हव्यात. आणि बांगड्या भरून झाल्या की बाई बांगडीवाल्याच्या पाया पडते, तो वर एक बांगडी आशीर्वादाची घालतो, ही आपल्याकडची रीत. म्हातारी तोंड फुगवून पाया पडली. दगडूभाईंनी जादा बांगडी घातली आणि तिच्या अंगठ्याचं हाड पुन्हा एकदा हळूच दाबून पाहिलं.

त्यांच्या शास्त्राप्रमाणे तालुक्यात मूळचं कुणीच नव्हतं. पाटील साताऱ्याकडून आलेले, गुरव घाटाखालून, वाणी मारवाडातून, आणि आम्ही शेतकरी मंडळी "दुस्काळात कुटनं तरी". सगळे वाहत आलेले.

"आन् तुमी?" कुणी तरी विचारायचं.

"आमी? आमी हितलंच."

याचा पुरावा मागायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. निदान तोवर तरी.

मी त्याच भागातल्या शाळेत मास्तर होतो. माझं आणि दगडूभाईंचं गाव एक, पण ते गाव आता नाही. धरणाचं पाणी चढलं तेव्हा माणसं वर सरकली. जुन्या गावाला आम्ही खालचं गाव म्हणतो आणि राहतो ते वरचं. दगडूभाई बापाच्या खांद्यावर बसून वर आले होते. मी वरच जन्मलो. मी बोलका माणूस नाही, आणि पुढचं लिहायला मला फार वर्षं लागली.

एकदा एस.टी. स्टँडच्या हॉटेलात रेडिओ चालू होता. पाकिस्तानशी क्रिकेटची मॅच. आमची एक विकेट पडली तसा एक पोरगा बाकावरून ओरडला, "दगडूभाई, खूश का? तुमचा हात कुणी दाबला तर लाहोरच निघंल!"

हॉटेल हसलं. मीही हसलो. सगळ्यांत मोठ्यांदा दगडूभाई हसले. मग चहा अर्धा ठेवून उठले आणि माळा खांद्यावर टाकून निघून गेले. चहा टाकून गेलेले दगडूभाई मी पहिल्यांदाच पाहत होतो.

तेव्हापासून त्यांना आपल्या घराण्याचा नाद लागला. लोकांची कुळं ते बायकांच्या बाजूने शोधत. स्वतःची आई लहानपणीच गेलेली, तिच्या माहेरच्या जुन्या बायकाही सगळ्या मातीत, त्यामुळे बापाच्या बाजूने जाण्यावाचून गत्यंतर नव्हतं. दोन पिढ्यांतच गाडी अडली.

"मी दगडू. बाप इमाम. आजा बाळा. पणजा..." इथं ते कान खाजवायचे. "पणजा हाय कुणी तरी. पणज्याबिगर आजा येतोय व्हय?"

पणज्याच्या शोधात ते एका फार म्हाताऱ्या माणसाकडे जाऊ लागले. जाताना तंबाखू न्यायचे. म्हाताऱ्यानं पहिल्या पुडीला पणज्याचं नाव सांगितलं लाला. दुसऱ्या पुडीला झालं शेखू. तिसरी पुडी संपता संपता मलंग. दगडूभाईंनी तिन्ही नावं ठेवून घेतली.

"अहो, पणजा एकच असतो," मी म्हणालो.

"मास्तर, कुणाला न्हाई म्हनू? तिगंबी हितलंच हायेत की."

त्यातच त्यांचा मुलगा पिंपरीहून आला. तिथं तो कारखान्यात होता. आपण मुळात मणेर नाहीच, असं त्याला तिकडं कुणी तरी पटवून दिलं होतं. आपण सय्यद, पैगंबरांच्या वंशातले. पूर्वज बगदादहून आले. दगडूभाईंनी त्याला स्टँडपर्यंत पोचवलं. तो गेल्यावर थेट शाळेत आले.

"मास्तर, बगदाद कुटं आलं?"

मी भिंतीवरच्या नकाशात बोट ठेवून दाखवलं. त्यांनी अंगठा आणि करंगळी ताणून वीतभर अंतर मोजलं, मग आणखी अर्धी वीत. 

"एवढ्या लांबनं बांगड्या विकाय पौडाला येईल व्हय कुणी? वाटंत इतकी गावं सोडून?"

मुलं हसली. ते हसले नाहीत. "त्या पोरांनी मला लाहोरला धाडला, ह्यानं त्याच्याबी पल्याड. हितं कुणी ठेवतच न्हाई राव."

माझे वडील, अण्णा, तेव्हा ओसरीवर बसून असत. दृष्टी गेली होती, पण खालचं गाव त्यांना घरागणिक दिसायचं. दगडूभाई तंबाखू घेऊन आले. अण्णांनी तंबाखू परत केला.

"तुजा पणजा मला ठाव न्हाई," अण्णा म्हणाले. "पर तुजा बाप मी बघितलाय. देवीच्या जत्रंला इमाम पहाटं अंगूळ करून यायचा. देवीच्या हातात पहिल्या हिरव्या बांगड्या त्यो घालायचा. त्यो घालीस्तवर गावातली एक बाई बांगडी भरायची न्हाई. त्याच्या बापाचाबी त्योच मान व्हता म्हंत्यात."

दगडूभाईंनी तंबाखूची पुडी खिशात टाकली. पायरीवर बसले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मास्तर, ऐकलंत न्हवं?"

"ऐकलं," मी म्हणालो.

पुढचा महिना-दोन महिने दगडूभाई कुणाच्या अंगठ्याचं हाड बघायचे विसरले. तिन्ही पणजे त्यांनी सोडून दिले. बांगड्या भरताना ते एवढंच सांगायचे, "आमी मानकरी." बायका हसायच्या आणि पाया पडायच्या. मग अण्णांना अर्धांगाचा झटका आला आणि त्यांची वाचा गेली.

त्याच साली वरच्या गावात देवीचं नवं देऊळ बांधायचं ठरलं. सिमेंटचं, वर रंगीत कळस. कमिटी झाली. अध्यक्ष तात्या, वाळूचा धंदा करणारे. लिहिण्यापुरता मी. देवळाबाहेर मानकऱ्यांच्या नावांची फरशी बसवायची होती. कुणाचा पालखीचा मान, कुणाचा दिव्याचा, कुणाचा नारळाचा. शाळेच्या व्हरांड्यात बैठक भरली. दगडूभाई धुतलेला सदरा घालून आले आणि खांबाला टेकून उभे राहिले.

"मणेराचं नाव घ्या," ते म्हणाले. "पहिल्या बांगड्यांचा मान हाय आमचा."

"कुणी सांगितलं?"

"खालच्या गावात व्हता."

"खालच्या गावात मग खाली जाऊन इचारा!" मागनं एक पोरगा म्हणाला. हशा पिकला. दुसरा कुरकुरला, "देवीला मुसलमानाच्या बांगड्या? काय तरीच."

तात्या तसे वाईट माणूस नव्हते. त्यांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. "असं नका करू. मास्तर, तुमचं घर खालच्या गावचं जुनं. अण्णा कधी काय बोललेत का असलं?"

सगळे माझ्याकडे बघू लागले. शाळेचे पत्रे फुटले होते, आणि ते तात्याच देणार होते. हे कारण मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगत आलो. पण खरं सांगायचं तर पत्रे तात्यांनी तरीही दिले असते. मी फक्त घाबरलो होतो. कशाला, ते आजही नीट सांगता येत नाही. मी पेनाचं टोपण काढलं आणि परत लावलं.

तेवढ्यात दगडूभाईच बोलले.

"मास्तरांना काय इचारता? ते वरच्या गावात जल्मले. त्यांना कुटलं ठाव? आन् अण्णा म्हातारपणी कायबाय बोलत व्हते. त्यांचं काय मनावर घ्यायचं न्हाई."

जिवंत असलेला आपला एकमेव साक्षीदार त्यांनी माझ्यादेखत असा खोडून टाकला. मी मान खाली घातली. तात्या सुटल्यासारखे हसले. "तसं देवीसाठी बांगड्या तुमच्याकडूनच घेऊ की, दगडूभाई. रोखीनं."

"तसं नगं," दगडूभाई म्हणाले आणि चपला शोधू लागले.

मणेरांचं नाव सोडून फरशी बसली. घरी मी अण्णांसमोर जाऊन बसलो, तर त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. त्यांना कुणी सांगितलं होतं की नव्हतं, कुणास ठाऊक. त्याच पावसाळ्यात ते गेले.

पुढच्या उन्हाळ्यात धरणाचं पाणी फार खाली गेलं. खालच्या गावची जमीन उघडी पडली, भेगाळलेली, शिंपल्यांनी भरलेली. वरून मला एक माणूस चालताना दिसला. चालण्यावरून ओळखलं. मी उतरून गेलो.

देऊळ होतं तिथं नुसता दगडी चौथरा उरला होता, त्यावर वाळलेलं शेवाळ. दगडूभाईंनी सदऱ्याच्या बाहीनं चौथरा पुसला, हिरव्या बांगड्या मांडल्या आणि बाजूला बसले. मला बघून दचकले नाहीत.

"देवी वर गेली, मास्तर. तितं तिला मानकरी पुष्कळ. हितं खाली कोण बी न्हाई. मग हितला मान माझाच की."

तेच स्वतःशी थोडं हसले. मी उभाच होतो. शेवटी म्हणालो, "दगडूभाई, त्या दिवशी मला माहीत होतं."

"मलाबी ठाव व्हतं, तुमाला ठाव हाय ते."

"मग मला बोलू का दिलं नाहीत?"

ते बांगड्या सारख्या करत राहिले.

"तुमचं त्वांड बघितलं मी. तुमी न्हाई म्हननार व्हता. एकडाव न्हाई म्हनला असता, तर मग माझ्यापाशी कोण उरलं असतं? आता कसंय, तुमी बोलला न्हाई, पर तुमाला ठाव तर हाय. एक तरी मानूस हाय."

मी त्यांच्याशेजारी चौथऱ्याच्या कडेला बसलो. मग ऊन चढलं म्हणून दोघं वर आलो.

त्यानंतर दगडूभाई फार जगले नाहीत. घर आवरायला मुलगा पिंपरीहून आला. राहिलेल्या बांगड्या त्यानं पौडच्या एका दुकानात घाऊक देऊन टाकल्या. मी त्याला स्टँडवर गाठलं. त्याच्या बापाला जे चार लोकांत सांगायला हवं होतं, ते मी त्याला एकट्याला सांगितलं: देवीचं, पहिल्या बांगड्यांचं, इमामचं, अण्णांनी डोळ्यांनी पाहिलेलं. 

त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग इकडेतिकडे पाहून माझ्या जवळ सरकला.

"गुरुजी, एक विनंती आहे. हे पुन्हा कुणाला बोलू नका. माझ्या मुलीचं सय्यदांच्या घरात जमतंय. त्यांना कळलं तर अवघड होईल."

या वेळी माझ्या वतीनं बोलायला दगडूभाई नव्हते.

"बरं," मी म्हणालो.