डंपलिंगचे कान

"आज शिंकायचं नाही," न्याहारीच्या पावासारख्या मऊ बिस्किटांवर गरम ग्रेव्ही ओतता ओतता मॉरीन म्हणाली.

"बरं," ऑर्लिन म्हणाला.

"नुसतं बरं नको. मागच्या दोन्ही वेळेला तू बरंच म्हणाला होतास."

"मग गोळी घेतो."

"दोन घे."

ऑर्लिन टॅकेटनं जन्मभर केंटकीतल्या शेल्बिव्हिलमध्ये औषधांचं दुकान चालवलं होतं. एका गोळीनं होणाऱ्या कामासाठी दोन घेऊ नयेत, हे त्यानं अर्ध्या गावाला समजावून सांगितलं होतं. पण आज त्यानं मुकाट्यानं दोन गिळल्या आणि ट्रेलर जोडायला बाहेर गेला. बायकोचा आजचा दिवस कसला आहे, ते त्याला ठाऊक होतं.

मॉरीनला आठव्या वर्षापासून सॅडलब्रेड घोडा हवा होता. मान उंच धरून, गुडघे हनुवटीला लावत चालणारा, रिंगणात शिरला की लोकांच्या तोंडातला घास तोंडातच राहील असा. तो तिला चौसष्टाव्या वर्षी मिळाला. तांबूस रंगाचा, कपाळावर पांढरा टिळा. कागदावर त्याचं नाव 'केंटकी नाइटफॉल' होतं, पण त्याचा एकंदर स्वभाव पाहून दोनच दिवसांत त्याला सगळे डंपलिंग, म्हणजे उकडलेला कणकेचा गोळा, म्हणू लागले. आता त्याला चांगल्या पागेत ठेवायचं होतं, शिकवून तयार करायचं होतं आणि ऑगस्टमध्ये लुईव्हिलच्या जत्रेतल्या घोड्यांच्या स्पर्धेत मोठ्या रिंगणात उतरवायचं होतं.

शेल्बी काउंटीत दगड भिरकावला तर तो एक तर चर्चवर पडतो नाही तर पागेवर. तरीही पागा निवडणं हे लेकीसाठी स्थळ बघण्याइतकंच जिकिरीचं काम, कारण घोडा माहेरी येऊन तक्रार सांगत नाही.

पहिल्या पागेच्या दारात कारंजं होतं आणि आत झुंबरं. तिथला तरुण मालक डंपलिंगला ट्रेलरमधून उतरवत होता, तेवढ्यात ऑर्लिनला शिंक आली. एप्रिलमध्ये घोडे हिवाळ्याचे केस गाळतात आणि ते केस ऑर्लिनच्या नाकात शिरल्याशिवाय राहत नाहीत. त्याची शिंकही साधीसुधी नव्हती. ती आधी लांबून येत असल्यासारखी वाटे, मग घरावरून मालगाडी जावी तशी जाई. मालकाच्या हातातला कॉफीचा पेला खाली पडला. "हा तर विजेता आहे," तो घोड्याकडे बघत म्हणाला. मॉरीनला नवऱ्याची लाज वाटली आणि मालकावर विश्वास बसेना. ज्यानं घोड्याचं वयसुद्धा विचारलं नव्हतं, त्याला तो विजेता कसा कळला?

दुसरी पागा एका जोडप्याची. माणसं प्रेमळ, पण घोड्यांच्या बादल्यांमधलं पाणी बुळबुळीत. तिथे ऑर्लिन शिंकला तेव्हा एका बुजऱ्या घोडीनं दोर तोडला आणि ती मक्याच्या शेतातून थेट शेजाऱ्यांच्या अंगणात गेली. "घोडा मात्र काय सुंदर आहे तुमचा," घोडीमागे धावता धावता ती बाई ओरडून म्हणाली होती. घरी येईपर्यंत मॉरीन नवऱ्यावर धुमसत होती.

आणि आज मिस आर्डिथ कोलग्लेझर.

मिस आर्डिथ जाहिरात करत नसत. त्यांच्या पागेत एखादा खण वर्षा-दोन वर्षांतून रिकामा होई, आणि मग त्या आपणहून एक-दोघांना फोन करत. घोड्याची चित्रफीत पाठवू का, असं विचारणाऱ्याचा फोन त्या ठेवून देत. "घोडा घेऊन या," त्या मॉरीनला म्हणाल्या होत्या, "सकाळी. दुपारी दुसरा एक येणार आहे. दोघांतला एक ठेवीन, किंवा एकही नाही."

पागा पाहताच ऑर्लिनच्या मनात आलं की आपलं दुकान असं असायला हवं होतं. कारंजं नव्हतं, झुंबर नव्हतं. लाकूड जुनं होतं, पण एकही खिळा वर आलेला नव्हता. बादल्यांमध्ये तळ दिसत होता. गवत पाणी शिंपडून ओलसर केलेलं होतं, त्यामुळे हवेत धुळीचा कणही नव्हता. आणि घोडे? प्रत्येक घोडा आपल्या खणाच्या दारातून मान बाहेर काढून पाहुण्यांकडे बघत होता. घाबरून नव्हे, खिडकीतल्या शेजाऱ्यासारखा.

मिस आर्डिथ स्वतः पंचाहत्तरी ओलांडलेल्या, गवताच्या काडीएवढ्या. त्या एका उंच काळ्या घोड्याला दोन लांब लगामांवर फिरवत होत्या. हात हलताना दिसतच नव्हते. त्या नुसता श्वास सोडत आणि घोडा थांबे. मॉरीन कुंपणाला धरून बघत राहिली.

"ऑर्लिन," ती हळूच म्हणाली, "हीच."

"दिसतंय मला."

"दुसरीकडे ठेवला तरी मला रोज ही पागा आठवेल."

काळा घोडा आत गेला आणि डंपलिंग बाहेर आला. मिस आर्डिथनी त्याचे पाय चाचपले, दात पाहिले, लांब लगाम लावून त्याला दुडक्या चालीनं फिरवलं. गुडघे बरोब्बर हनुवटीपर्यंत येत होते. मॉरीनची छाती फुगली. मग मिस आर्डिथनी त्याला थांबवलं आणि मान वाकडी करून त्याच्या तोंडाकडे पाहिलं. डोळे अर्धे मिटलेले, खालचा ओठ लोंबता, आणि कान दोरीवर वाळत घातलेल्या मोज्यांसारखे दोन बाजूंना.

"पाय राजाचे आहेत," त्या म्हणाल्या आणि त्याच्या कपाळावर दोन बोटांनी टकटक केलं. "पण घरात कुणी आहे का?"

सॅडलब्रेडनं कान टवकारले नाहीत तर बाकी सगळं असून नसल्यासारखं. त्यासाठी या भागात कसले कसले उपाय करतात, ते क्लीटनं करून दाखवायला सुरुवात केली. क्लीट म्हणजे मिस आर्डिथचा मोतद्दार, गंभीर चेहऱ्याचा चाळिशीचा माणूस. त्यानं आधी प्लॅस्टिकची पिशवी फडफडवली. मग डब्यात खडे घालून खुळखुळवले. मग छत्री फटकन उघडली. शेवटी गुडघ्यांवर हात टेकून तो कोंबड्यासारखा आरवला, अगदी हुबेहूब, आणि चेहऱ्यावरची सुरकुतीही हलली नाही.

डंपलिंगनं एक डोळा उघडला आणि मिटला.

"कोंबडा आरवला की उठतात बहुतेक घोडे," क्लीट म्हणाला.

"याआधी कधी कान उभे केलेत यानं?" मिस आर्डिथनी विचारलं.

"केलेत ना," मॉरीन म्हणाली. "त्या झुंबरवाल्या पागेत असा काही उभा राहिला होता, आणि त्या जोडप्याकडेही..." ती मध्येच थांबली. तिनं सावकाश वळून नवऱ्याकडे पाहिलं. ऑर्लिनच्याही ते त्याच क्षणी लक्षात आलं होतं.

"आम्ही दोन मिनिटांत येतो," मॉरीन म्हणाली आणि त्याला दंडाला धरून गवताच्या गंजीमागे घेऊन गेली.

"शिंक."

"येत नाही."

"शिंक, ऑर्लिन. माझ्यासाठी."

"दोन गोळ्या घेतल्यात. उद्या सकाळपर्यंत येणार नाही."

"एखादी तर येईल."

"मी औषधवाला आहे, मॉरीन. निकामी गोळ्या मी कधी विकल्या नाहीत."

"गवतात नाक घाल."

त्यानं घातलं. ओल्या गवताचा छान वास आला, आणि अंघोळ केल्यासारखं प्रसन्न वाटलं. मॉरीननं शेजारच्या खणातल्या घोडीच्या पाठीवरून मूठभर गळलेले केस गोळा करून आणले आणि त्याच्या नाकाखाली धरले. त्यानं खोल श्वास घेतला. एरवी एवढ्या केसांनी त्याला खाटेवर पाडलं असतं.

"काही होतंय?"

"नाक इतकं मोकळं कितीतरी वर्षांत नव्हतं."

"सूर्याकडे बघ. तुझ्या भावाला सूर्याकडे बघून शिंक येते."

"तो भाऊ सावत्र आहे."

तरी त्यानं सूर्याकडे पाहिलं. मग सगळीकडे हिरवे ठिपके दिसू लागल्यामुळे तो पाणी ठेवलेल्या बादलीला अडखळला. मॉरीन धावत गाडीकडे गेली आणि जेवणाच्या डब्यातली मिऱ्यांची पुडी घेऊन आली. क्लीट गंजीला टेकून शांतपणे हे बघत उभा होता. अंगणातली एक कोंबडी त्याच्या पायाशी होती; त्यानं न विचारताच तिचं गळालेलं पीस उचलून पुढे केलं.

"नाकात घालायचं ना?" तो म्हणाला. "मला वाटलंच."

मिस आर्डिथ गंजीला वळसा घालून आल्या तेव्हा शेल्बिव्हिलचे माजी औषधविक्रेते उलट्या बादलीवर बसले होते, तोंड आभाळाकडे, मिशीत मिरी, एका नाकपुडीत पीस, आणि त्यांची पत्नी त्यांच्या मानेवर घोड्याचे केस टाकत होती.

"तुमची दोन मिनिटं संपली," मिस आर्डिथ म्हणाल्या.

ऑर्लिन उठला. खरी शिंक येत नसेल तर खोटी द्यावी, एवढंच आता हातात होतं. तो डंपलिंगसमोर जाऊन उभा राहिला, श्वास भरला आणि जमेल तितक्या मोठ्यानं "हाऽऽक्छू" म्हणाला. खणांमधल्या सगळ्या घोड्यांनी कान टवकारले. डंपलिंगनं मात्र त्याच्याकडे असं पाहिलं, की खोटं प्रिस्क्रिप्शन घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाकडे आपण कसे बघायचो, ते ऑर्लिनला आठवलं. मग घोड्यानं तोंड फिरवलं.

मॉरीननं हातातले केस झटकले.

"मिस आर्डिथ, तुम्हाला खरं सांगते," ती म्हणाली. "हा आळशी आहे. जातिवंत आहे, मनाचा चांगला आहे, पण आळशी आहे. त्या दोन्ही पागांमध्ये त्याचं कौतुक झालं ते माझ्या नवऱ्याच्या शिंकेमुळे, आणि ते मला आत्ता इथे कळलं. तिथे मी नवऱ्यावर चिडले होते. आज त्याला दोन गोळ्या मीच घ्यायला लावल्या. तुम्ही दुपारचा घोडा ठेवलात तर मी समजू शकते. पण एक सांगून जाते, अशी पागा मी जन्मात पाहिली नाही."

ऑर्लिननं बायकोकडे पाहिलं. नाकातलं पीस काढायचं त्याच्या ध्यानात आलं नाही. आठव्या वर्षापासूनची इच्छा बोटभर अंतरावर आली असताना खरं बोलणारी माणसं त्यानं फार पाहिली नव्हती. दुकानाच्या काउंटरवर तर जवळजवळ नाहीच.

मिस आर्डिथ डंपलिंगकडे बघत होत्या. मग त्यांची नजर ऑर्लिनकडे वळली आणि तिथेच थांबली. त्यांनी त्याला एकदा समोरून पाहिलं, एकदा बाजूनं. मघाशी घोड्याला पाहिलं होतं तसंच.

"छातीचा घेर चांगला आहे," त्या म्हणाल्या. "शिंका नेहमीच येतात?"

"एप्रिलमध्ये घोड्यांच्या केसांनी. मेमध्ये गवताच्या फुलोऱ्यानं."

"आणि पुढे?"

"जून-जुलै त्यातल्या त्यात बरे जातात."

"ऑगस्ट?"

"ऑगस्ट विचारू नका," मॉरीन म्हणाली. "ऑगस्टच्या मध्यावर रॅगवीडच्या तणाचे परागकण सुटतात. तेव्हा तर शेजारी खिडक्या लावून घेतात."

"दोन गोळ्या घेतल्या तरी भागत नाही," ऑर्लिननं प्रामाणिकपणे भर घातली.

मिस आर्डिथनी क्लीटकडे पाहिलं. क्लीटनं मिस आर्डिथकडे पाहिलं.

"लुईव्हिलची जत्रा ऑगस्टच्या मध्यावर सुरू होते," क्लीट हळू आवाजात म्हणाला, जणू देवळात बोलत होता.

"मला माहीत आहे कधी असते ते," मिस आर्डिथ म्हणाल्या. "पाय मी तयार करीन. मान, चाल, दम, सगळं करीन. तोवर कामात त्याला जागं ठेवायचं तेही माझं मी बघीन. पण अंतिम फेरीत, जेव्हा सगळे घोडे थकलेले असतात आणि परीक्षक शेवटचं वळून बघतात..." त्यांनी वाक्य सोडून दिलं आणि ऑर्लिनकडे बोट केलं. "हे कुंपणाजवळ बसतील. पहिल्या रांगेत. गोळी न घेता."

"नियमात बसतं का ते?" ऑर्लिननं विचारलं. त्याचा पेशाच तसा होता.

"घोड्याला औषध देऊन जिंकायला बंदी आहे. नवऱ्याला औषध न देता जिंकू नये, असं कुठल्या नियमात लिहिलेलं मी वाचलेलं नाही."

त्या वळल्या आणि पागेत गेल्या. आतून त्यांचा फोनवरचा आवाज ऐकू आला: "दुपारी येऊ नका. खण भरला." क्लीटनं डंपलिंगची दोरी हातात घेतली आणि तो त्याला कोपऱ्यातल्या खणाकडे नेऊ लागला. डंपलिंग झोपेतच चालत गेला.

मॉरीन कुंपणाला धरून उभी होती. तिला हसायचं होतं की रडायचं होतं ते तिचं तिलाही ठरवता येत नव्हतं. मग तिनं नवऱ्याच्या नाकातलं पीस हलकेच ओढून काढलं आणि त्याच्या मिशीतली मिरी रुमालानं पुसली.

"ऑगस्टभर तुझे हाल होतील रे."

"होतील," ऑर्लिन म्हणाला.

चर्चमधून, चित्रपटगृहातून, आणि एकदा तर खुद्द मेहुणीच्या लग्नातून त्याला बाहेर जाऊन उभं राहायला सांगितलं गेलं होतं. त्याच्या शिंकेसाठी कुणी पहिल्या रांगेत जागा राखून ठेवण्याची ही पहिलीच वेळ होती. ट्रेलरचं दार लावताना त्याची मान, मॉरीनच्या लक्षात आलं, नेहमीपेक्षा बरीच उंच होती.