शीग लावलेलं हसू

१९७८ सालच्या मार्गशीर्षात, शाळू पोटरीत आला होता तेव्हा, खैरगावच्या यसबा लोहारानं आपलं हसू शेजारच्या बाळकोबा शिंप्याला उसनं दिलं.

यसबा कुणाला मीठसुद्धा उसनं देत नसे, आणि मागतही नसे. पण बाळकोबाची अडचण खरी होती. त्या संध्याकाळी देवळापुढच्या मांडवात आपबीतीचा कार्यक्रम होता. एकेकानं उठून स्वतःवर गुदरलेलं सांगायचं आणि लोकांना हसवायचं, अशी गावची रीत. पहिलं हसू मात्र सांगणाऱ्यानं घरून आणायचं. ते सुटलं, की मग बाकीच्यांना हसायची मुभा. ज्या गोष्टीला हसू सुटलं नाही, ती कार्यक्रमाचं मंडळ जमा करून घेई. मग ती पुन्हा सांगता येत नसे, आठवतही नसे.

बाळकोबाच्या घरचं हसू त्याची बायको आणायची. चंद्राबाई उन्हाळ्यात वारली.

"गोष्ट तिचीच आहे," बाळकोबा भट्टीपाशी उभा राहून म्हणाला. "जमा झाली तर माझ्याकडं काय राहिलं?"

"मग सांगू नको."

"नाव पुकारलंय. न सांगितलेलीही जमा होते."

"तिचं मागं काहीच उरलं नाही?"

"चिमूटभर आहे. कुंकवाच्या करंड्यात ठेवलंय. तेवढ्यानं मांडव हलायचा नाही."

यसबानं भाता थांबवला. "डबा आण. माझं घेऊन जा. मला ते लागत नाही."

बाळकोबानं कडीचा डबा आणला. यसबानं तो तोंडाशी धरला आणि हसू त्यात ओतलं. जाड, खरखरीत हसू होतं. वापर नव्हता, म्हणून कोरं राहिलं होतं.

"सपाट भरलंय," यसबा म्हणाला. "बघून घे."

मांडवात मंडळाच्या चिटणीस पेठ्यांनी झाकण किलकिलं करून वास घेतला. "हे लोहाराच्या घरचं आहे."

"उसनं आणलंय, अण्णा."

"उसन्याला मनाई नाही. पण धनी समोर बसला पाहिजे. मागनं तक्रार नको."

"तक्रारी करणारा माणूस मी नव्हे," असं म्हणून यसबा पुढच्या रांगेत बसला.

बाळकोबा उठला आणि सांगू लागला. पाटलांच्या लग्नाचा कोट शिवताना त्याला डुलकी लागली होती, आणि त्यानं स्वतःच्या धोतराचा सोगा कोटाच्या अस्तरात शिवून टाकला होता. वरात खोळंबलेली. पाटलांनी येऊन कोट अंगात चढवला आणि तरातरा निघाले. मागोमाग बाळकोबा फरपटत निघाला. त्याच्या मागं चंद्राबाई कात्री घेऊन धावली. भर रस्त्यात ओरडली, "पाटील, थांबा! कोट तुमचा, पण मागचं अस्तर माझं आहे!"

इथं बाळकोबानं झाकण काढलं. ऐरणीवर घण पडावा तसं हसू बाहेर पडलं. मग सगळा मांडव हसला. पाटील हसले. पेठे चष्मा काढून हसले.

यसबालाही हसावंसं वाटलं. त्यानं आत चाचपून पाहिलं. आत काही नव्हतं. ती वरात त्याच्याच भट्टीपुढून गेली होती. तेव्हा हसू जवळ होतं, आणि तो मान खाली घालून घण मारत राहिला होता. आता त्याचं पोट दुखू लागलं, डोळ्यांत पाणी आलं, पण तोंड उघडलं तर नुसता वारा.

"यसबा, जरा दमानं," शेजारचा म्हणाला. "मयताला आलायस का?"

सगळ्यांचं हसून झालं तसं हसू डब्यात परतलं. "गोष्ट तुमच्याकडं कायम," पेठे बाळकोबाला म्हणाले.

सकाळी बाळकोबा डबा घेऊन भट्टीवर आला. झाकण नीट बसत नव्हतं.

"मी सपाट दिलं होतं," यसबा म्हणाला.

"उसनं सपाट घ्यावं आणि शीग लावून द्यावं. चंद्रीनं लावलेलं वळण आहे, मोडवत नाही."

"करंडा?"

"धुऊन ठेवला. गोष्ट आहे की माझ्याकडं."

यसबानं डबा दोन्ही हातांनी घेतला आणि तोंडाला लावला. मग पाटलांच्या कोटावर तो हसला. जाड हसू संपलं. त्याच्या शेवटाला एक बारीक, बायकी हसू निघालं आणि भट्टीच्या आढ्याला लागून थोडा वेळ राहिलं. ते विरेपर्यंत बाळकोबा उंबऱ्यात उभा होता.

यसबानं रिकामा डबा पुसून त्याच्या हातात दिला.

"फिटलं," तो म्हणाला, आणि त्यानं भाता ओढला.