भिकूचं मशीन आणि चांगदेवाचं पोट

कुंपणाला एक भोक होतं आणि त्या भोकाला गेले चार दिवस चांगदेवाचा डोळा लावलेला होता. पलीकडच्या अंगणात त्याचा साडू भिकू उकिडवा बसून एका लोखंडी धुडाला रॉकेलनं न्हाऊ घालत होता. किहीमच्या कुणा पारशी बावानं बंगला विकला, तेव्हा कोंबड्यांच्या खुराड्यात भिकूला हे होडीचं मशीन सापडलं होतं. वर पितळी टाकी, मधे दांडा, खाली पंखा. होडीच्या मागच्या फळीला अडकवायचं नि दोरी ओढायची, मग शीड नको की वल्हं नको, असं भिकू साऱ्या कोळीवाड्याला सांगत सुटला होता. आषाढ चालू होता, होड्या किनाऱ्यावर नारळाच्या झापांखाली झोपल्या होत्या, त्यामुळे त्याचं ऐकायला लोकांना वेळही भरपूर होता.

"काय बघताव?" मागून राहीनं विचारलं. राही म्हणजे चांगदेवाची बायको आणि भिकूच्या केसरची थोरली बहीण.

"कुंपन बघतंय. वालवी लागलीया."

"वालवी कुंपनाला न्हाय लागली," असं म्हणून राही आत गेली.

खोटं नव्हतं ते. नारळी पौर्णिमेला गावचा नारळ खोल पाण्यात नेऊन सोडायचा मान गावातल्या सगळ्यात पळत्या होडीचा, आणि अकरा वर्षं ती होडी चांगदेवाची होती. नारळ हातात घेऊन तो होडीत चढायचा, तेव्हा बायका ओवाळायच्या आणि म्हातारे बाजूला सरून वाट द्यायचे. वर्षातले बाकीचे सगळे दिवस तो त्या एका दिवसावर काढायचा. पण परवा कोळीवाड्याच्या पाटलानं भिकूच्या अंगणात उभं राहून सांगून टाकलं होतं, "ह्यो मशीन चालला, तं नारल ह्येच्यावर!" ज्या भिकूला शिडाची गाठ मारायला चांगदेवानं शिकवलं, त्या भिकूच्या होडीत नारळ! चांगदेवाचं पोट नुसतं जळत होतं.

पाचव्या दिवशी भिकूनं मशीन चालवून पाहायचं ठरवलं. पंखा पाण्यात हवा म्हणून त्यानं ते अंगणातल्या पिंपाला अडकवलं. पिंपात जाळी रंगवायला सालींचं उकळून काढलेलं तांबडंलाल पाणी होतं, पण पाणी ते पाणी, असा भिकूनं विचार केला. त्यानं दोरी ओढली. एकदा, दोनदा, दहादा ओढली. चांगदेवानं समाधानानं डोळा भोकाला आणखी घट्ट लावला. अकराव्या वेळी मशीन एकदम गरजलं, पंखा फिरला आणि पिंपातल्या पाण्याचा फवारा थेट कुंपणावर आला.

त्या पाण्यानं रंगवलेलं जाळं दोन-दोन वर्षं रंग सोडत नाही. चांगदेवानं तोंड राखेनं घासलं, चिंचेनं घासलं, तरी उजव्या डोळ्याभोवती कुंपणातल्या भोकाएवढं तांबडं वर्तुळ राहिलं ते राहिलंच.

"डोल्याला काय झाला रं?" पाटलानं विचारलं.

"गांधील चावली."

"कुंपनातनं?" पाटील म्हणाला, आणि ओट्यावर बसलेले सगळे हसले.

एकच गोष्ट बरी घडली होती. मिनिटभर चाललं आणि मग मशीन कर्कश किंचाळून जागच्या जागी घट्ट अडकलं. गार झाल्यावर सुटलं, पुन्हा मिनिटभर चाललं, पुन्हा अडकलं. दोन दिवस हाच प्रकार. त्याचं कारण फार साधं होतं. असल्या मशीनला पेट्रोलमधे तेल मिसळून द्यावं लागतं. पारशी बावाला ते ठाऊक होतं, पण त्याच्या मशीनचं पुस्तक कोंबड्यांनी टोचून संपवलं होतं. भिकूला ठाऊक नव्हतं आणि चांगदेवाला तर त्याहून नव्हतं.

"पेट्रोल जुना हाय," भिकू केसरला सांगताना चांगदेवानं ऐकलं. "अलिबागशी नवा डबा मागवलाय. त्यो आला का बघ कसा पलतो!"

चांगदेवाची झोप उडाली. नवा डबा आला आणि खरंच पळालं तर? डब्यात मीठ घालावं तर तळाशी दिसेल. पाणी घालावं तर भिकू इतकाही खुळा नाही. विचार करता करता त्याचं लक्ष फळीवरच्या एरंडेलाच्या बाटलीकडे गेलं. लहानपणी आईनं त्याला ते एक पळी पाजलं होतं आणि तो दोन दिवस आडवा होता. धडधाकट माणसाला जे आडवं करतं, ते त्या खुराड्यातल्या मशीनला काय उभं ठेवणार?

दुपारी जेवून भिकू घोरायला लागला, तसा चांगदेव मागच्या पडवीत शिरला. डब्याचं झाकण काढलं, अर्धी बाटली आत रिकामी केली, डबा हलवला आणि तो घरी येऊन शहाण्यासारखा बसला.

चार वाजता मशीन सुरू झालं. मिनिट झालं, दोन झाली, पाच झाली. ते अडकेना. निळसर धूर सोडत ते असं संथ गुरगुरायला लागलं, की भिकूनं केसरला हाक मारली, केसरनं गल्लीला हाक मारली आणि सगळ्यांच्या मागं उभं राहून चांगदेवाला टाळ्या वाजवाव्या लागल्या.

"कमी पडला," तो मनाशी म्हणाला. "अर्ध्या बाटलीनं काय व्हतंय!"

पुढच्या डब्यात पुरी बाटली घालायची ठरली. घरातलं उरलेलं कमी पडणार म्हणून तो दयाराम वाण्याच्या दुकानात गेला. डबा आला, बाटली आत गेली आणि मशीन आदल्या वेळेपेक्षा गोड चाललं. तिसऱ्या डब्याच्या वेळी चांगदेवानं दीड बाटली घालायची म्हणून एकदम दोन मागितल्या.

दयारामानं त्याच्याकडे नीट निरखून पाहिलं. "चांगदेवभाय, कोनाच्या पोटाला पायजे?"

"माजाच."

"आठ दिवसात तीन बाटल्या? हाथीला पन एवढा लागत नाय!"

दयारामाच्या दुकानात ऐकलेली गोष्ट गल्लीत जायला जेवढा वेळ लागतो, तेवढाच लागला. चांगदेव घरी पोचायच्या आत शेजारच्या सोनूबाईनं हरड्याचं चूर्ण पाठवलं होतं. केसर स्वतः आली आणि दाराआडून म्हणाली, "दाजी, लाजू नका. समद्यांना व्हतंय." राहीनं तर त्याचा मासळी-भात बंद करून पेज सुरू केली. शेजारून सुक्या बोंबलाच्या कालवणाचा वास यायचा आणि चांगदेव पेज भुरकत त्या वासाला शिव्या घालायचा. खरं सांगायची सोय नव्हती. साडवाच्या मशीनमधे विष घालणारा म्हणवून घेण्यापेक्षा पोट धरलेला, कोठा जडावलेला म्हणवून घेतलेलं बरं.

आणि इतकं करून तिसऱ्या डब्यावर मशीन पळालं ते असं, की पाटलानं तिथल्या तिथं नारळाचा मान भिकूला देऊन टाकला. चांगदेव खचला. एवढं एरंडेल पचवून जे उभं राहतं, त्याच्यापुढे माणसाचं काय चालणार! त्यानं हात टेकले. चौथा डबा आला तेव्हा तो तिकडे फिरकलाच नाही.

पौर्णिमेला सकाळी भिकू नवी टोपी घालून स्वतः दारात आला. "दादा, अकरा वरसा नारल तू नेलास. आज माज्या होडीत तू पायजेस. न्हाय म्हनू नको."

चांगदेवाला नाहीच म्हणायचं होतं, पण राहीनं त्याची बंडी आधीच बाहेर काढून ठेवली होती. किनाऱ्यावर सगळा गाव जमला होता. बायका ओवाळत होत्या, पण भिकूला. म्हातारे वाट देत होते, पण भिकूला. चांगदेव होडीत पाय टाकणार, एवढ्यात राही पाण्यातून धावत आली आणि भर गावासमोर तिनं एक बाटली त्याच्या बंडीच्या खिशात खुपसली. "सनाचा नारलीभात खायचा हाय. ठेवा जवल!"

होडीत तिघंच होते. पुढे नारळ घेतलेला पाटील, मधे चांगदेव आणि मागे मशीनजवळ भिकू. मागून शिडाच्या होड्या निघाल्या होत्या. त्यांत चांगदेवाचीही होती, तिच्या सुकाणूवर त्याचा भाऊ तुळशीराम होता. मशीननं लाटा कापल्या, सगळ्यांना मागे टाकलं आणि खोल पाण्याच्या जरा अलीकडे ते कर्कश किंचाळून घट्ट अडकलं.

चांगदेवाला पंधरा दिवसांत पहिल्यांदा कडकडून भूक लागली. आता तुळशीराम येईल, नारळ आपल्या होडीत चढेल, साऱ्या गावादेखत! त्यानं वळून पाहिलं. वारा पडला होता. तुळशीरामाची होडी जागच्या जागी डुलत होती.

"भिकू, वल्ही काढ," पाटील म्हणाला.

"आनली न्हायत."

"न्हायत म्हंजे?"

"मशीनला वल्ही कशाला, म्हनून..."

पाण्याची ओढ त्यांना हळूहळू खडपाकडे नेत होती. काळ्या दगडांवर फुटणारं पाणी आता ऐकू यायला लागलं. चांगदेवाची भूक पळाली. तो घाईघाईनं आठवू लागला. एरंडेल घातलं नव्हतं तेव्हा अडकलं. घातलं तेव्हा पळालं. जास्त घातलं तेव्हा जास्त पळालं. आज टाकीतलं मागचं उरलेलं संपलं, नवं घातलं नव्हतं, आणि आज अडकलं. म्हणजे तीन आठवडे, पेज पिऊन, बदनामी सोसून, भिकूचं मशीन दुरुस्त केलं कुणी? त्याला रडूच आलं. पण खडप जवळ येत होतं. त्यानं खिशातून बाटली काढली.

"आरं, आता? हितं?" पाटील नारळ सावरत किंचाळला.

टाकीचं झाकण काढून चांगदेवानं बाटली आत उलटी केली आणि समुद्राचं पाणी ओंजळीनं मशीनवर मारत राहिला. "जरा निवू दे. मंग ओढ."

भिकूनं ओढली. तिसऱ्या ओढीला मशीन सुटलं, खोकलं आणि निळा धूर सोडत गुरगुरायला लागलं. खडप मागं पडलं. पाटलानं नारळासकट हात जोडले.

"चांगदेवा, तुला कसा कलला रं?"

चांगदेवानं एकदा पाटलाकडे आणि एकदा भिकूकडे पाहिलं. "त्येचा पोट धरला व्हता," तो म्हणाला. "मना न्हाय कलनार, तं कोनाला?"

नारळ सोडून होडी परत आली. पाटलानं किनाऱ्यावर चांगदेवाच्या पोटाची हकिगत सगळ्या गावाला सांगितली, आणि मान भिकूकडेच राहिला. लोक पांगल्यावर भिकू मशीन उतरवता उतरवता हळूच म्हणाला, "दादा, डब्याचा झाकन लावताना नीट फिरवून लावत जा. तिनी खेपेला वाकडा लावलास. पेट्रोल उडून जातंय."

डोळ्याभोवतीच्या वर्तुळाचा रंग चांगदेवाच्या सगळ्या तोंडावर पसरला. "तुला ठाव व्हता?"

"पयल्या दिसापासून. तू काय टाकतंस, त्यो मातर कलत नव्हता. चवथ्या खेपेला आलास न्हाय, तवा मना घोर लागला. म्हनून तं आज तुला होडीत घेतला."

"मंग बोलला का न्हायस?"

"बोललो असतो, तं तू टाकायचा थांबला असतास," भिकू म्हणाला आणि मशीन खांद्यावर टाकून चालू लागला.

घरी राहीनं पानं मांडली होती. नारळीभाताचा वास सगळ्या घरात भरला होता.

"आज पोट कसा हाय?" तिनं विचारलं.

चांगदेवानं कुंपणाकडे पाहिलं. पलीकडे भिकू मोठ्यानं हसत होता.

"जलतंय," तो म्हणाला.

तेव्हा राहीनं त्याच्यापुढचं पान उचललं आणि पेजेचा वाडगा ठेवला.