फ्रिजमधला हिमालय

हेमराजभाऊंच्या फ्रिजमध्ये दुधाच्या पातेल्याशेजारी चिखल असतो. पाइपात भरलेला, वर प्लास्टिक गुंडाळलेलं. पहिल्याच दिवशी मी तो फेकायला निघाले, तर भाऊ ओरडले, "बाई! हिमालय हाये तो! ठेव जाग्यावर!"

फुलचूरला ते आमच्या शेजारी एकटे राहतात. मी त्यांचा स्वयंपाक करते. नोकरीभर त्यांनी उंच पहाडांवरच्या तळ्यांतला गाळ काढला. फुलांचे पराग तळ्यात पडतात, गाळात दबतात, हजारो वर्षं कुजत नाहीत. भाऊ ते काचेवर घेऊन मायक्रोस्कोपखाली मोजतात. नुसतं गवत दिसलं, तर तेव्हा थंडी होती, झाडं खालीच राहिली. भोजपत्राच्या झाडाचे कण वाढले, तर ऊब आली, झाडं तळ्यापर्यंत चढली.

चीड म्हणजे पहाडातलं सुईसारख्या पानांचं झाड; त्याच्या कणावर मात्र त्यांचा भरवसा नाही. "वाऱ्यासंगं कुठंबी जाते तो." मतं मागायला कोणी आला, की त्याच्या पाठीमागे म्हणतात, "चीड हाये."

माझ्या दारच्या आंब्याला मोहोर आला, की भाऊंच्या खिडक्या बंद. मलाही पदर झटकूनच आत यावं लागतं. "काऊन हसून राहिली? उद्या लोक म्हणतीन, बर्फात आंबे पिकत होते!"

एका शेवटच्या तळ्याच्या काचा मोजायच्या राहिल्या होत्या. "ह्या झाल्या का मी मोकळा," म्हणायचे. पण यंदा काम सरकेना. एकच काच चार-चार दिवस. शेवटी एका दुपारी म्हणाले, "बाई, मले दिसून नाई राहिलं. डॉक्टर म्हणते, आता नाई सुधरत. तू बस."

"भाऊ, मी तं चौथीच शिकली."

"शंभरपावतर येते ना? बस मंग."

मी बसले. उंदरासारखे दोन कान, तो चीड. तीन कोपऱ्यांचा, तो भोजपत्र. एका भोकाचं गोल, ते गवत. मी नाव घ्यायची, भाऊ चाचपून त्या-त्या वाटीत लाखोळीचा एक दाणा टाकायचे.

महिनाभराने शेवटची काच संपली. भोजपत्राची वाटी शिगोशीग भरली होती. भाऊंनी तिच्यावरून हात फिरवला. "चढली होती वं झाडं. पार तळ्यापावतर."

मी उठायला लागले.

"बस ना अजून. काय दिसते?"

"मोजायचं काही नाही, भाऊ. किड्याचा पंख हाये. मोडका."

"सांग ना, कसा हाये."

मी सांगितलं. मग कोळशाचा एक कण सांगितला. हवेचा बुडबुडासुद्धा सांगितला. भाऊ डोळे मिटून ऐकत होते. चहा गार झाला, तरी त्यांनी मला उठू दिलं नाही.