शेपटाचा ढेकर

बाळाची पिवळी बादली सकाळी अंगणात चपटी होऊन पडलेली सापडली, तेव्हा तिने नवऱ्याला अर्ध्या दाढीनिशी बाहेर ओढून आणलं.

"बघ! काल बादली शेपटाखाली आरामात मावत होती. शेपूट खाली आलंय."

शेपूट म्हणजे ट्रेलरवर चढवून ठेवलेल्या त्यांच्या मोटरबोटीचं ड्राइव्ह. पंखा लावलेलं ते धूड बटण दाबलं की तेलाच्या दाबावर वर-खाली होई. या व्यवस्थेला ट्रिम म्हणतात, हे नवऱ्याला ठाऊक होतं. वर केलेलं वरच राहायला हवं, हे तिला. बाळ रांगायला लागल्यापासून तिला जगात टोकांशिवाय काही दिसत नव्हतं. पंख्याच्या पात्यांनाही तिने बाळाचे जुने मोजे चढवले होते.

"भास होतात तुला," नवरा म्हणाला. "आणि आज विकली की सुटलीस ना! मलाही या तेलपाण्याचा वीट आलाय, म्हणून तर काढतोय."

बोट अंगणाबाहेर जावी म्हणून तिने केव्हाचे देव पाण्यात ठेवले होते.

गिऱ्हाईक म्हणजे दातांचे डॉक्टर होते. त्यांनी शेपटाकडे असं पाहिलं, की आता त्याला 'आ कर' म्हणतील.

"वहिनी, हे मोजे कशाला?"

"थंडी वाजते त्याला," नवरा घाईने म्हणाला आणि मोजे काढून खिशात कोंबले.

"बरं, जरा वर करून दाखवा."

शेपूट वीतभर उठलं आणि बसलं. "तेल कमी असेल," म्हणत नवऱ्याने टाकीचं झाकण फिरवलं. ते शेपूट पूर्ण वर असताना उघडायचं असतं. खाली असताना उघडलं, तर आतलं दाबलेलं तेल संधीच शोधत असतं. चिळकांडी उडाली ती नवऱ्याच्या इस्त्रीच्या शर्टावरून थेट डॉक्टरांच्या चष्म्यावर. नवऱ्याने दोरीवरचं हाती लागेल ते ओढून पुसायला घेतलं.

"अरे, ते लंगोट धुतलेले आहेत!"

"होते," नवरा म्हणाला.

मग त्याने घाईघाईने नवं तेल ओतलं आणि बटण दाबलं. आता पंप बारीक सुरात किंचाळू लागला. शेपूट थरथरत अर्ध्यावर गेलं आणि मुकाट खाली आलं.

"घरी विचारून सांगतो," डॉक्टर किल्ली चाचपत म्हणाले.

पण पंपाचं ते किंचाळणं तिच्या ओळखीचं होतं; पोटात वारा गेला की बाळही असंच रडे.

"थांबा डॉक्टर! याने वारा गिळलाय. घटाघटा पाजलंस ना त्याला?"

"अगं, मशीन आहे ते!"

"बाळाचा तरी कधी ढेकर काढलायस? तुला काय कळणार!"

बोटीचं माहितीपुस्तक तिने धोक्याच्या सूचनांसाठी इतकं वाचलं होतं, की बाकीचंही आपोआप डोक्यात बसलं होतं. बाळाला खांद्यावर टाकून तिने दाब सोडायचा स्क्रू सैल केला. दोघांना शेपूट हाताने वर उचलायला लावलं, आधाराची खिटी अडकवली, स्क्रू आवळला, बारीक धारेने तेल भरलं आणि झाकण लावलं. मग खिटी काढली.

"आता खाली. थांब. वर. थांब, घाई नको."

"झालं?"

"अजून एक यायचाय." ती बाळाच्या पाठीवर थोपटत होती.

टाकीत 'गुडुक' झालं. पंपाचं रडणं थांबलं आणि शेपूट शहाण्यासारखं वर जाऊन उभं राहिलं.

"वा, वहिनी! घेतली बोट!" डॉक्टरांनी हात पुढे केला.

तिने कितीतरी महिन्यांनी मोकळा श्वास घेतला. नवरा मात्र शेपटाकडे नव्याने प्रेमात पडल्यासारखा बघत होता.

"माफ करा, डॉक्टर," तो हळूच म्हणाला. "देखभाल होत नव्हती म्हणून विकत होतो. आता काय, घरातच माणूस निघालं!"

डॉक्टर गेले. तिन्हीसांजेला तिने बाळाला सासूकडे दिलं, नवऱ्याच्या खिशातून मोजे काढून पुन्हा पात्यांना चढवले आणि ती शेपटापाशी उभी राहिली.

दाब सोडायचा स्क्रू आता तिला अंधारातही सापडला असता, आणि तो सैल झाला की शेपूट कुणाच्याच बटणाने वर जात नाही.